गरीप नदीच्या काठी

केपटाऊनहून उत्तरेस सुमारे आठशे किलोमीटर गेल्यावर ओसाड, तांबूस माळ एकाएकी संपतो आणि द्राक्षांचे मळे लागतात. हेच अपिंग्टन. वाळत घातलेले बेदाणे पाहून आम्हांस तासगावची आठवण झाली. गावाला नाव केप वसाहतीच्या एका पंतप्रधानाचे. नदीला हॉलंडच्या राजघराण्याचे, ऑरेंज. ते १७७९ साली गॉर्डन नावाच्या सेनाधिकाऱ्याने दिले. तिचे जुने नाव गरीप. मात्र खोइखोइ भाषेत या शब्दाच्या आरंभी जिभेचा एक टणत्कार आहे, तो नकाशावर येता येता गळाला.

हे टणत्कार आपणांस अगदीच परके नाहीत. हळहळताना आपण 'च्‌च्‌' करतो, बैल हाकताना गालाच्या कडेने आवाज काढतो, नातवंडाला खेळवताना टाळूवर जीभ आपटून घोड्याच्या टापा ऐकवतो. जीभ मागे-पुढे दोन ठिकाणी टेकवून मधली हवा विरळ करायची नि पुढचा भाग झटकन सोडायचा, एवढीच ही करामत. आपण त्यातून शब्द घडवीत नाही, ते घडवतात. लिहिताना कोठे एक उभी रेघ, कोठे दोन, कोठे उद्गारचिन्ह. ओठांच्या मुक्यासारख्या ध्वनीसाठी तर वर्तुळात टिंब!

नावांची कथा याहून कष्टाची. गोऱ्यांनी गुराख्यांना 'हॉटेंटॉट' म्हटले, शिकाऱ्यांना 'बुशमन'. पहिला शब्द तर आज शिवीच गणला जातो. 'सान' हा शब्द सभ्य म्हणून रूढ झाला खरा, पण तोही मूळचा शेजाऱ्यांचा, गुरेढोरे नसलेल्या, कंदमुळे गोळा करणाऱ्यांसाठी वापरलेला. १९२८ साली लेओनहार्ड शुल्त्झे या जर्मन विद्वानाने 'खोइ' आणि 'सान' यांचा समास केला, तोही माणसांच्या शरीररचनेचा विचार करताना. पुढे ग्रीनबर्ग यांनी त्या नावाखाली टणत्काराच्या भाषांचे एक कुळ मांडले. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते एक कुळ मानीत नाहीत. आवाज सारखा म्हणून नाते सारखे, असे थोडेच असते?

या गावाच्या रोझडेल वस्तीत कात्रिना एसाऊ यांनी आपल्या घरी मुलांना नू भाषा शिकवली. ही भाषा मेली असे विद्वानांनी ठरवून टाकले होते. १९९० नंतरच्या दशकात एल्सी वालबोई नावाच्या वृद्धा पुढे आल्या, आणि शोध घेता आणखी वीसेक वृद्ध सापडले. मळेवाल्यांच्या धाकाने त्यांनी ती वर्षानुवर्षे मनात ठेवली होती. २०२१ साली कात्रिनाबाईंचे बंधू वारले. त्यानंतर ती अस्खलित बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या. त्याच साली कासव आणि शहामृगाची त्यांची गोष्ट पुस्तकरूपाने निघाली.

आमचा मोटारचालक याच भागातला, मातृभाषा आफ्रिकान्स. पुलावर थांबून आम्ही त्यास नदीचे नाव मूळ उच्चारासह म्हणावयास सांगितले. तो ओशाळला. त्याची आजी भांडी घासताना एकटीच असा काहीसा आवाज काढीत असे. कोणी आत आले की गप्प होई. ती काय म्हणत असेल, हे त्याने कधी विचारले नव्हते. मग त्याने जीभ टाळूला लावून एकदा प्रयत्न केला, पुन्हा एकदा केला, आणि मोटार सुरू केली.