फळं संपेपर्यंत

पुण्यात शिकायला होतो तेव्हा एका फिल्म क्लबात ‘डक सूप’ हा जुना अमेरिकन सिनेमा पाहिला. १९३३ सालचा, काळा-पांढरा, मार्क्स बंधूंचा. इंग्रजी मला निम्मंच कळायचं, पण या सिनेमाला भाषा फार लागत नाही.

फ्रीडोनिया नावाचं एक कर्जबाजारी राज्य. टीसडेलबाई ही श्रीमंत विधवा पैसे देते, पण कारभार फायरफ्लायच्या, म्हणजे ग्राउचोच्या, हाती द्यायला लावते. तो रस्त्यावरच्या शेंगा विकणाऱ्याला युद्धमंत्री करतो. असल्या माणसांच्या हाती दोन देशांचा सलोखा!

शेजारच्या देशाचा राजदूत ट्रेंटिनो समेटाला यायचा असतो. फायरफ्लाय खूश. म्हणतो, मी आपणहून हात पुढं करीन. मग त्याच्या मनात येतं, त्यानं हात घेतलाच नाही तर? चारचौघांत माझी काय शोभा राहील? एकटाच बोलत बोलत तो तापत जातो. राजदूत आत येतो न येतो तोच त्याच्या थोबाडीत बसते. लढाई लागते.

सगळे खो खो हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला आमचा सोपा आठवला.

आमच्या दादांचं आणि थोरल्या चुलत्यांचं, आबांचं, बांधावरून वाजलेलं. जागा किती, तर दीड हात. मी तेव्हा नऊ वर्षांचा. एका संध्याकाळी दादांनी मला पिटाळलं, “जा रं, आबास्नी म्हणावं, च्याला या. बांधाचं बोलून टाकू.” आबा गोठ्यात होते. म्हणाले, “धार काढतो आन् आलोच, म्हणावं.” मी निघालो, पण देवळापाशी पोरं गोट्या खेळत होती. तिथं रमलो.

घरी पोचलो तेव्हा आईनं चहा दोनदा गरम केला होता. दादा सोप्यात येरझाऱ्या घालत होते. “आपण हात पुढं करायचा आन् ह्यांनी ताठा दाखवायचा! न्हाईच येणार त्यो.” मी तोंड उघडायच्या आत आबा दारात. हातात दुधाचा तांब्या. दादा कडाडले, “यायचं नव्हतं तर तसं सांगायचं! आमचा हात झिडकारता व्हय?”

आबा उंबऱ्याबाहेरूनच फिरले. खटला अकरा वर्षं चालला.

सिनेमाचा शेवट वेगळाच आहे. ऐन लढाईत फायरफ्लाय घटकेघटकेला नवा गणवेश चढवतो, आपल्याच सैनिकांवर गोळ्या झाडतो. अखेर ट्रेंटिनोची मान फुटक्या दारात अडकते आणि हे भाऊ त्याला फळं फेकून मारू लागतात. तो म्हणतो, मी शरण आलो. फायरफ्लाय म्हणतो, थांब जरा, फळं संपू देत. जिंकल्याच्या आनंदात टीसडेलबाई राष्ट्रगीत गाऊ लागतात. तर हे वळतात आणि उरलेली फळं त्यांनाच मारतात. सिनेमा संपला.

त्याच वर्षी जानेवारीत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला होता, हे पुढं वाचलं. जाणकारांना त्या सिनेमात ते सगळं जग दिसतं. मला आमचं अंगण दिसलं. निकाल आमच्या बाजूनं लागला त्या दिवशी दादा पेढे घेऊन आले. आई हरखून म्हणाली, “मिटलं एकदाचं. चार पेढे थोरल्या घरी दिऊन येते.” दादांनी पुडा उचलला आणि तिच्याच अंगावर फेकला. पेढे अंगणभर घरंगळले. आईनं ते एकेक करून वेचले. त्यानंतर तिनं आबांच्या घराचं नाव काढलं नाही.

आता दादा नाहीत, आबाही नाहीत. दादांना तो सिनेमा दाखवावा असं फार वाटायचं. राहून गेलं. आणि आबा येतो म्हणाले होते, तो निरोप मी गोट्यांपायी वेळेत आणला नाही, हेही सांगायचं राहून गेलं.