80 दिवसांचा हिशेब

नव्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, जुन्या ठिकाणी राजीनामा दिला, आणि नोटीस पिरियड चालू असतानाच दिवस गेल्याचं कळलं. 2019 चा उन्हाळा होता. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला नवी दगदग? बाळंतपण होऊ दे, मग बघ." पण घराचा हप्ता बाळंतपणासाठी थांबणार नव्हता. चौथा महिना लागला आणि मी हिंजवडीत रुजू झाले.

मुलाखतीत किंवा रुजू होताना हे सांगायलाच हवं, असं कायदा म्हणत नाही. तरी पहिल्या आठवड्यातच मी एचआरला सांगितलं. त्यांनी हसून अभिनंदन केलं आणि त्याच दमात म्हणाल्या, "पण मॅडम, पगारी रजेसाठी आमच्याकडे एक वर्ष पूर्ण लागतं. पॉलिसीच आहे."

माझी मावसबहीण कामगार कायद्याची वकिली करते. ती फोनवर म्हणाली, "अगं, पॉलिसी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही." तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात वर्षाची अट नव्हतीच. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मागे मोजलेल्या 12 महिन्यांत त्याच मालकाकडे 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे. जुन्या कंपनीतली वर्षं त्यात धरत नाहीत, हे ऐकून मात्र पोटात गोळा आला. कॅलेंडर काढलं. महिन्याचे साधारण 22 दिवस धरले, तर दिवाळीच्या आसपास आकडा पार होत होता. माझी तारीख डिसेंबरअखेरची. पगारी सुट्ट्याही या मोजणीत धरतात, हे नंतर समजलं.

मी ईमेल लिहिला. चढा सूर नाही, फक्त कलमं. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8. प्रोबेशनवरच्या बाईला गरोदरपणात काढून टाकलं, तरी तिचा लाभ बुडत नाही. आणि नेमणूक करतानाच या लाभांची लेखी माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. माझ्या नेमणूकपत्रात ती नव्हती. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते दोन ओळींचं: रजा मंजूर.

एचआरवर माझा राग नाही. सगळा पगार कंपनीनेच द्यायचा म्हटल्यावर ती काचकूच करणारच. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलावा, असं म्हटलं होतं. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, भार मात्र मालकावरच राहिला. मला ते आजही चुकीचं वाटतं. बाईला नोकरीवर घेतानाच तिच्या रजेचा खर्च मनात मोजला जातो, तो यामुळेच.

रजेवर जाण्याआधी आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या ताईंनी विचारलं, "मॅडम, माझ्या सुनेला मिळंल का हो?" सून ठेकेदाराकडे होती, पगार 21,000 च्या आत. म्हणजे तिचा हिशेब वेगळा: कर्मचारी राज्य विमा योजना, वर्गणीचे किमान 70 दिवस, आणि पैसे मालकाकडून नव्हे तर महामंडळाकडून. पगारातून वर्गणी कापली जात होती, पण ती भरली जाते की नाही हे सुनेला माहीत नव्हतं. ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक तोच राहतो, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. क्रमांक पगाराच्या चिठ्ठीवर असेल, म्हटलं. ताई म्हणाल्या, "चिठ्ठी कुठं देत्यात?"