मिठाच्या गावचा वारा

फ्रान्सला जाऊन आले म्हटल्यावर सगळे पॅरिसचेच विचारतात. मला मात्र सांगायचे आहे ते ल क्रोआझिकविषयी. अटलांटिकच्या काठचे हे लहानसे बंदर. शेजारी गेराँदची मिठागरे. माझे बालपण उरणला गेलेले. ती चौकोनी तळी नि मिठाच्या राशी पाहून क्षणभर माहेरीच आल्यासारखे वाटले.

मला तिथे नेले भाच्याने. तो जवळच नाँतला इंजिनिअरिंग शिकतो. "तिकडेच राहायचे म्हणतोय, जरा समजाव त्याला," असे अक्काने निघताना बजावले होते.

किनाऱ्यावर आलो, तो क्षितिजावर पवनचक्क्यांची रांगच रांग!

"याच का रे तुझ्या?"

"छे गं मावशी! या ऐंशी जणींचे पाय तळाला रोवलेले. मी म्हणतो ती तरंगती. तिकडे."

तिकडे नुसते धुके होते.

त्या बाजूला, किनाऱ्यापासून २० किलोमीटरवर, 'फ्लोटजेन' नावाची २ मेगावॅटची पवनचक्की काँक्रीटच्या तरंगत्या चौकटीवर उभारली गेली. २०१८ पासून ती वीज देऊ लागली. तिच्याच विजेवर २०२३ मध्ये 'सीलहायफ' हा तरंगता तराफा चालवून पाहिला. समुद्राचे पाणी घ्यायचे, त्यातले मीठ काढायचे आणि उरलेल्या गोड्या पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन नि ऑक्सिजन वेगळे करायचे. एक किलो हायड्रोजनला निदान नऊ लिटर पाणी लागते. २० जूनला भर समुद्रात पहिला हायड्रोजन निघाला. यंत्राची ताकद दिवसाला ४०० किलोपर्यंत. म्हणजे गावातले लोक पाणी उडवून मीठ ठेवतात, आणि हे यंत्र मीठ टाकून पाणी ठेवते!

"अरे, पण मग सरळ तारेने वीजच का नाही आणायची?" मी आपली मराठीची प्राध्यापिका, शंका बाळबोधच असायची.

"जवळ असेल तर तारच बरी. हायड्रोजन करताना तिसरा हिस्सा वीज वाया जाते, गं. पण फार दूर गेलो की तार महाग पडते. शिवाय वारा काही आपल्या गरजेच्या वेळा पाहून वाहत नाही. वायू साठवता येतो. खताला, पोलादाला उपयोगी पडतो."

खरी परीक्षा होती ती हेलकाव्यांची. खारा वारा, लाटा, आणि यंत्र हाकायचे ते किनाऱ्यावर बसून! नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रयोग आटोपला.

"म्हणजे बंद पडले?"

"संपले. तुमच्या परीक्षा संपतात तसे. आता मोठे करायचे, तर पैसे कोण घालणार, हा प्रश्न."

हे सांगताना त्याचे डोळे धुक्यावरून हलेनात. लहानपणी पतंग कटला की तो असाच आभाळाकडे पाहत राही.

परतताना मी मिठाची एक पुडी घेतली. रात्री अक्काचा फोन आला. "बोललीस का त्याच्याशी?"

"बोलले. मिठाबद्दल बोललो," मी म्हटले.