हल्द्वानीची शर्यत, आसेगावचा रस्ता

वाशिमच्या बसस्थानकाबाहेर चहा घेताना आसेगावचा रस्ता विचारला, तर चहावाल्यानं उलट मलाच विचारलं, "कोनतं आसेगाव? पेनवालं का मंगरूळवालं?" वाशिम जिल्ह्यात आसेगावं दोन. एक रिसोड तालुक्यातलं आसेगाव पेन आणि दुसरं मंगरुळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाणं असलेलं. अमरावतीकडे आसेगाव पूर्णा आहे ते निराळंच. मला मंगरूळवालं हवं होतं. त्यानं हातानं दिशा दाखवली, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सायकलकडे पाहिलं आणि म्हणाला, "एसटी हाये ना भाऊ. सायकल कायले?"

कायले, ते सांगतो. त्या भागात एक क्रीडाशिक्षक आहेत, माझ्या अकोल्याच्या दिवसांपासूनचे मित्र. जानेवारी संपता संपता त्यांचा फोन आला. गावातल्या मुली पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात, त्यांच्यातल्या एकीनं पेपरातलं कात्रण आणलं होतं. महाराष्ट्राच्या डॉली पाटीलला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ट्रायथलॉनचं सुवर्ण. "हे ट्रायथलॉन काय असते, विचारून राहिल्या. तू करतोस ना ते? येऊन सांग." मी करतो म्हणजे हौसेखातर करतो. कोल्हापूरच्या राजाराम तलावात घाबरत घाबरत पोहणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींपैकी मी एक. पण खेळाबद्दल लिहितो, शर्यती पाहतो आणि कुणी ऐकायला बसलं तर सोडत नाही. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं अकोला, तिथून पूर्णा मार्गावरच्या गाडीनं वाशिम. वाशिममध्ये ओळखीच्या एका डॉक्टरांची गिअरची सायकल मागून घेतली. ट्रायथलॉनबद्दल सांगायला जायचं आणि एसटीतून उतरायचं, हे बरं दिसलं नसतं.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पण सकाळी सायकलवर बसलेल्या माणसाला वाकाटकांपेक्षा वाऱ्याची चिंता जास्त. गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन उघडी झाली. हा सोयाबीनचा मुलूख. फेब्रुवारीत मात्र सोयाबीनचा मागमूस नसतो, तुरीच्या तुऱ्हाट्या बांधावर रचलेल्या असतात, हरभरा पिवळा पडायला लागलेला असतो आणि विहिरीला पाणी असेल तिथे तेवढा गहू हिरवा. पळसानं नुकतीच सुरुवात केली होती. इथला रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो आणि मांड्यांना चढाचा लागतो. उघड्या माळावर समोरून वारा आला की उतारावरही पायडल मारावं लागतं. ट्रॅक्टरवाले मागून हॉर्न देत नव्हते. शेजारी येऊन, वेग कमी करून, कुठून आलात हे विचारून मग पुढे जात होते.

मंगरुळपीर तालुक्यातच शेलुबाजारला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, खड्डा नाही, आडवं येणारं जनावर नाही. सायकलपटूला स्वप्नात दिसावा असा डांबरी-सिमेंटी पट्टा, आणि त्यावर मोटरसायकललासुद्धा मनाई. ते योग्यच आहे म्हणा. पण विदर्भातल्या पोरानं चाळीस किलोमीटर सलग, न थांबता सायकल कुठे मारायची, हा प्रश्न त्या रस्त्यानं सोडवलेला नाही. मी जिल्हा रस्त्यानं, बैलगाडीला, मेंढरांच्या कळपाला आणि एका लग्नाच्या टेम्पोला वाट देत आसेगावात पोचलो तेव्हा डॉक्टरांच्या सायकलचा रंग ओळखू येत नव्हता.

मित्राच्या, म्हणजे सगळ्यांच्या सरांच्या घरी जेवण झालं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. जेवताजेवताच सरांनी विषयाला हात घातला. हल्द्वानीला नेमकं झालं काय?

२६ जानेवारी २०२५. उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं उद्घाटन डेहराडूनला २८ तारखेला व्हायचं होतं, ट्रायथलॉन त्याआधीच हल्द्वानीला उरकलं. अंतर स्प्रिंटचं, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. पुरुषांत मणिपूरचा सरुंगबम अथौबा मैतेई पहिला आला. महिलांत डॉली देविदास पाटील १ तास १० मिनिटं ३ सेकंदांत आली आणि दुसरी आली तीही महाराष्ट्राचीच, मानसी मोहिते. त्यांच्या मागे मध्य प्रदेशची आध्या सिंग. एकाच राज्याच्या दोघी पुढे, हे या खेळात लक्षात ठेवण्यासारखं. महाराष्ट्रात शहरांमध्ये तरणतलाव आहेत, सायकलींचे क्लब आहेत, आणि ज्यांना हे परवडतं अशा घरांची संख्याही बऱ्यापैकी आहे. सुवर्णपदकाच्या मागे मुलीचा घाम असतोच, पण घरापासून तलाव किती लांब, हेही असतं.

"म्हणजे आता ऑलिंपिकले जाईन ती?" सरांच्या आईनं भाकर वाढता वाढता विचारलं. मी म्हटलं, आजी, त्याचं उत्तर उद्या सकाळी पोरींसमोरच देतो, लांबलचक आहे.

पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर मुली आधीच आलेल्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाच्या वेशीवर पहाटे पाचला उभं राहा, हे दृश्य दिसेल. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. रस्त्याच्या कडेला चुन्यानं खुणा केलेल्या, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ८०० मीटर. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या सॅण्डल. आपल्या ग्रामीण भागात धावण्याचा एवढा मोठा सराव कुठल्याही क्रीडा खात्यानं सुरू केलेला नाही, तो नोकरीनं सुरू केलाय.

मी रस्त्यावर टॉवेल अंथरला. ट्रायथलॉनमध्ये तीन खेळ असतात असं सगळे सांगतात, पण शर्यत करणारा चौथ्याबद्दलच जास्त बोलतो. तो म्हणजे ट्रान्झिशन, पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पायांवर येण्याची जागा. तिथे घड्याळ थांबत नाही. टॉवेलवर हेल्मेट उलटं ठेवलं, त्यात गॉगल, शेजारी नंबराचा पट्टा, बुटांना नाडीऐवजी इलॅस्टिक. नियम एकच घोकून घेतला: हेल्मेटचा बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. लावलात तर दंड. आणि सायकल परत जागेवर ठेवल्याशिवाय बक्कल सोडायचा नाही.

एक मुलगी तयार झाली. बारावीतली, सडपातळ, ८०० मीटरला गटात सगळ्यात पुढे असणारी, कात्रण आणणारी तीच. तिची सायकल मानव विकास योजनेतली, शाळा लांब असलेल्या मुलींना मिळते ती. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर, लोखंडी स्टँड. शिट्टी वाजली. ती पळत आली, हेल्मेट घातलं, बक्कल दोनदा निसटला, तिसऱ्यांदा टक् आवाज आला. मग पायानं स्टँड मागे ढकलला, सायकल घेऊन चार पावलं पळाली आणि उडी मारून बसली. वडाच्या झाडाला वळसा घालून परत आली ती जोरात. उतरली, स्टँड लावला, हेल्मेट काढून टोपलीत ठेवलं. आणि मग वाकून सायकलला कुलूप लावलं, किल्ली काढली, मुठीत धरली आणि धावत सुटली.

सगळा रस्ता हसला. ती पन्नास पावलांवर गेल्यावर तिला कळलं काय झालं, पण ती थांबली नाही, किल्ली मुठीत घट्ट धरून खुणेच्या दगडापर्यंत गेली आणि आली. परत आल्यावर म्हणाली, "सर, पाय आपले नाहीत असं वाटलं." हे तर पहिल्या दिवशी प्रत्येकाला वाटतं. सायकलवर मांड्या गोल फिरायला शिकलेल्या असतात, त्यांना एकदम सरळ धाव म्हटलं की त्या बंड करतात. त्यासाठी सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव असतो. राष्ट्रीय पातळीवरची मुलगीसुद्धा तो करतेच.

धावणं आहे, सायकल म्हटली तर आहे. अडतं ते पोहण्यापाशी. सर मला त्यांच्या भावाच्या शेतातल्या विहिरीवर घेऊन गेले. पायऱ्यांची, दगडी बांधकामाची, पाणी बऱ्यापैकी वर. उन्हाळ्यात इथे मुलं काठावरून सूर मारतात. मुलांच्या कमरेला डबा किंवा ट्यूब बांधून बाप पोहायला शिकवतो. मुलींना? सर काही बोलले नाहीत. विहीर माणसाला खोलीची भीती घालवायला शिकवते, लांबीचं काही शिकवत नाही. दहा मीटर रुंदीच्या विहिरीत ७५० मीटर म्हणजे पंचाहत्तर वेळा भिंतीला हात लावायचा. वाटेत एक शेततळं लागलं, लांबीला चांगलं, स्वच्छ पाणी. एका मुलानं विचारलं, यात का नाही? यात कधीच नाही, मी जरा आवाज चढवूनच सांगितलं. आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ओलं झालं की पाय टिकत नाही, चांगला पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. शेततळ्यांत बुडून गेलेल्या पोरांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

आणि नेमकं पोहणंच या खेळात निकाल लावतं. अव्वल दर्जाच्या शर्यतीत सायकल चालवताना दुसऱ्याच्या मागे, त्याच्या वाऱ्याच्या आडोशाला राहायला परवानगी असते. पाण्यातून जो जथा एकत्र बाहेर येतो तो सायकलवर एकत्र पळतो, आळीपाळीनं वारा अंगावर घेतो. तुम्ही अर्ध्या मिनिटानं मागे राहिलात तर एकट्यानं वारा खायचा. पुढच्यांनी एक फेरी जास्त मारून तुम्हाला गाठलं तर पंच तुम्हाला शर्यतीतून बाहेर काढतात. कितीही छान धावत असलात तरी धावायची वेळच येत नाही.

शाळेच्या ओट्यावर बसून मग आजींच्या प्रश्नाकडे वळलो. मुली, सर, दोन-तीन पालक. मी अविनाश साबळेपासून सुरुवात केली, कारण त्याला सगळे ओळखतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, घरची परिस्थिती बेताची, मग सैन्य, सियाचिन, मग धावणं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाल सैनींचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या वर्षी दोह्याच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ८ मिनिटं २१.३७ सेकंद. टोकियोची पात्रता ८:२२ होती. संपलं. त्या एका संध्याकाळी घड्याळानं त्याला ऑलिंपिकचं दार उघडून दिलं. पॅरिसला तो अंतिम फेरीत धावला.

ट्रायथलॉनमध्ये अशी संध्याकाळ येत नाही. इथे पात्रतेची वेळच नसते. एका ठिकाणी नदीत पोहायचं, दुसरीकडे समुद्रात; कुठे घाट, कुठे सपाट; त्यामुळे वेळांची तुलना होत नाही. हल्द्वानीचे १:१०:०३ आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच अंतराला ऑलिंपिक विजेत्या फ्लोरा डफीनं दिलेले ५५ मिनिटं २५ सेकंद शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. दरी केवढी आहे हे मात्र दिसतं. ऑलिंपिकला महिलांच्या ५५ जागा, आणि त्यातल्या बहुतेक क्रमवारीच्या गुणांवर. ते गुण दोन वर्षं जगभर फिरत गोळा करायचे. आज जपान, महिन्याभरानं कझाकस्तान, मग युरोप. प्रत्येक वेळी विमानाचं तिकीट, सायकलची पेटी, हॉटेल, प्रशिक्षक. साबळेला एक वेगवान शर्यत पुरली. ट्रायथलॉनवाल्याला शर्यतींची रांग लागते आणि त्या रांगेचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो.

२००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. पॅरिसपर्यंत एकही भारतीय तिथे पोचलेला नाही. बर्मिंगहॅमला अहमदाबादची प्रज्ञा मोहन आणि पुण्याची संजना जोशी उतरल्या होत्या, तेही एक पाऊल होतंच. एक खिडकी आहे: ज्या देशांना एरवी जागा मिळत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक खंडाला एक जागा राखून ठेवतात. पण तिथेही क्रमवारी लागतेच, आणि आशियातले बाकीचे देशही त्याच खिडकीशी उभे असतात. तेव्हा माझं मत विचाराल तर २०२८ चं लॉस एंजेलिस डॉलीसाठी किंवा कुणाही भारतीय मुलीसाठी फार लांब आहे. २०२६ ची नागोयाची आशियाई स्पर्धा आवाक्यात आहे, आणि आधी तिथे पुढच्या जथ्यासोबत पाण्यातून बाहेर येणं, हीच खरी परीक्षा. राष्ट्रीय सुवर्ण मिळालं की वर्तमानपत्रं लगेच ऑलिंपिकचं नाव घेतात. त्यानं मुलीवर ओझं वाढतं, तिकिटाचे पैसे कुणी देत नाही.

एका पालकांना हे पटलं नाही. "मग छोट्या देशाचे कसे जातात?" त्यांचा मुद्दा बरोबर होता. टोकियोला सोनं जिंकलेली फ्लोरा डफी बर्म्युडाची. त्या बेटांची लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या एकट्या वाशिम शहराहूनही कमी. पण बर्म्युडात पोर चालायला लागलं की समुद्रात असतं. शिवाय ती तरुणपणी इंग्लंड-अमेरिकेत राहून शिकली, सराव केला. लोकसंख्येपेक्षा पाणी आणि पैसा मोजावा लागतो.

मुली शांतपणे ऐकत होत्या. त्यांचे प्रश्न सरळ होते, माझ्या भाषणापेक्षा कितीतरी कामाचे. शर्यतीची फी किती? हौशी शर्यतीला हजारांत, मी सांगितलं, आणि राज्य निवडीसाठी संघटनेकडून जावं लागतं. साध्या सायकलनं चालतं का? पहिल्या शर्यतीत चालतं, टोपली काढून. पोहायला शिकायचं तर कुठं? जिल्ह्याच्या गावी तरणतलाव, सकाळची पहिली एसटी, आणि सोबत कोणी तरी. सर म्हणाले, उन्हाळ्याच्या सुटीत आठवड्यातून दोनदा चार जणींना घेऊन जायचं ते बघतील. त्यांनी तिथल्या तिथे वहीत नावं लिहायला घेतली. दोन नावं लिहून झाल्यावर एका मुलीची आई उठली आणि विचारलं, पोहायला मुलींची वेळ वेगळी असते का? सरांनी तेही लिहून घेतलं.

शेवटचा प्रश्न किल्लीवालीचा. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे ना, मग या खेळाचं प्रमाणपत्र तिथे चालतं का? मी सांगितलं, पदक कुठल्या पातळीवरचं आहे ते पाहतात, प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते, हे आधी सरांकडून लिहून घे. तिनं मान हलवली. "मग सर, आधी भरतीचं ग्राउंड मारते. ८०० मीटर माझं हमखास आहे. नोकरी लागली की पोलिसांच्या स्पर्धा असतात, तिथून पाहते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिला ते हवंही नव्हतं. तिनं मला बुटातल्या इलॅस्टिकच्या नाड्या कुठे मिळतात ते विचारलं. अकोल्यात मिळतात, म्हटलं, पण शिंप्याकडचं साधं इलॅस्टिकही चालतं. वाशिमला परतताना वारा पाठीवर होता आणि ट्रॅक्टरवाल्यांना दोनदाच थांबून, कुठून आलो ते सांगावं लागलं.