एका 'से'ची पाच घरे

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. आमची मुले घरी-मोहल्ल्यात मराठी आणि दखनी बोलतात, वहीत उर्दू लिहितात आणि इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतात. राज्यात सन २००० पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले. मूल दहावीपर्यंत येते, शब्द पाठ असतात, क्रियापदांची रूपेही म्हणून दाखवते. गाडी अडते ती इन, ऑन, ॲट, टू, विथ अशा इवल्याशा शब्दांपाशी.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. तेव्हा या मुलांना ज्ञात काय आहे, ते आधी पाहू.

उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांत हे शब्द नामाच्या नंतर येतात. 'मेज़ पर', 'टेबलावर'. इंग्रजीत ते नामाच्या आधी येतात, 'ऑन द टेबल'. मुलांना हे उलटे वाटते. पण रोज तोंडी असलेल्या सलामात हीच रीत आहे. 'अलैकुम'मध्ये 'अलै' म्हणजे वर आणि 'कुम' म्हणजे तुम्ही. आधी 'वर', मग 'तुम्ही'. अरबीतले हर्फ-ए-जार असेच नामाच्या आधी येतात. 'फिलहाल'मधला 'फि'सुद्धा त्यातलाच. एवढे फळ्यावर मांडले की इंग्रजीची रीत परकी राहत नाही.

खरी अडचण 'से'ची. उर्दूतला हा एकटा शब्द पाच जणांचे काम करतो. क़लम से लिखो, पुणे से आया, पीर से बीमार है, अम्मी से बोलो, भाई से बड़ी है. मूल 'से' म्हणजे 'फ्रॉम' एवढेच धरून बसते आणि 'राइट फ्रॉम पेन' लिहून मोकळे होते. आता हीच वाक्ये त्याला मराठीत म्हणायला सांगा. पेनने लिही, पुण्याहून आला, सोमवारपासून आजारी आहे, अम्मीशी बोल, भावापेक्षा मोठी आहे. एका 'से'ची पाच घरे झाली : ने, हून, पासून, शी, पेक्षा. आता प्रत्येक घरावर इंग्रजी पाटी लावता येते : विथ, फ्रॉम, सिन्स, टू, दॅन.

वेळेच्या बाबतीत तर दोन्ही भाषा साथ देतात. पाँच बजे, पीर को, जून में. पाच वाजता, सोमवारी, जूनमध्ये. तिन्ही ठिकाणी रूप वेगळे. इंग्रजीतही तसेच आहे. घड्याळाला 'ॲट', वाराला 'ऑन', महिन्याला 'इन'.

ही किल्ली सगळ्याच कुलपांना लागत नाही, हेही मुलांना सांगावे लागते. 'दोन वर्षांपासून' आणि '२०२३ पासून' यांत मराठी भेद करत नाही, इंग्रजी करते. सुरुवात सांगायची तर 'सिन्स २०२३', मोजलेला काळ सांगायचा तर 'फॉर टू इयर्स'. लग्न अहमदशी होते, तिथे 'मॅरीड टू'. भांडणही अहमदशीच होते, तिथे मात्र 'विथ'. उर्दूत 'कुत्ते से' डरतात, मराठीत 'कुत्र्याला' घाबरतात, इंग्रजीत 'अफ्रेड ऑफ' म्हणतात. अशा जोड्या मूळ शब्दासकटच पाठ कराव्या लागतात.

पण पाचांतली चार कोडी मुलाने स्वतः सोडवली की पाचवे पाठ करायला ते कुरकुरत नाही. ज्या मुलीची उर्दू कच्ची म्हणून एरवी हात वर होत नाही, ती 'से'च्या तासाला सर्वांत आधी उत्तर देते. कारण तिच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत मराठीच चालते. आपल्या घरची भाषा वर्गात कामाला आली, हे तिच्या चेहऱ्यावर दिसते.

पालक येऊन म्हणतात, "सर, तीन-तीन ज़बानींचा बोजा पोरांना झेपत नाही, एखादी कमी करा." कमी करायची म्हटली की बोट मराठीकडेच जाते. त्यांना आम्ही वही उघडून 'से'ची पाच वाक्ये दाखवतो. मराठी हा इंग्रजीच्या वाटेतला बोजा नाही, ती शिडी आहे. आणि ती मुलांना विकत घ्यावी लागत नाही, घरातच उभी असते.