डॉक्सी

पावसाळा तोंडावर आल्याशिवाय हिची कुणाला आठवण होत नाही. एरवी ही 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल मुरुमं घालवायला तरुणांच्या दप्तरातून हिंडते. मग मुंबईत मिलन सबवे तुंबतो, हिंदमाताला लोक गुडघाभर पाण्यातून घर गाठतात, आणि महापालिका सांगू लागते की पाण्यातून चालून आला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, आला. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा त्याचा जिवाणू पायाच्या भेगेतूनही आत शिरतो. डॉक्सिसायक्लिन त्याच्या वाटेत उभी राहते.

घराणं टेट्रासायक्लिनचं. थोरली बहीण, खुद्द टेट्रासायक्लिन, 1994 साली सुरतेच्या प्लेगच्या घबराटीत औषधांच्या दुकानांतून दिसेनाशी झाली होती. धाकटीला मारामारी आवडत नाही. ती जिवाणूला प्रथिनं बनवू देत नाही. त्याची वाढ खुंटते, पुढचं शरीर बघून घेतं.

स्वभाव मात्र कडक. ग्लासभर पाणी हवं आणि घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री घोटभर पाण्यावर गिळून कुणी तसंच अंथरुणावर पडलं, की ही अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे व्रण करते. मग घास उतरताना छातीत कळ. दूध, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध यांच्याशी उभा दावा. घेऊन उन्हात हिंडलात तर कातडी भाजेल. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल असलं तर डॉक्टर सहसा हिला बाजूला ठेवून अझिथ्रोमायसिन काढतात.

एवढी शिस्तीची बाई, पण लोक तिला प्रसादासारखी वाटतात. मागच्या पावसाळ्यातल्या उरलेल्या दोन शेजारच्या काकूंना, एक वॉचमनला. चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणणारी पाकिटावरची तांबडी रेघ बघतो कोण? पाण्यात किती वेळ होतात, पायाला जखम होती का, हे डॉक्टर उगाच विचारत नाहीत. एकदाच घ्यायची की पुढेही, ते त्यावरच ठरतं. काकूंना हे विचारणार कोण?

हल्ली पुष्कळ कंपन्या हिच्याबरोबर त्याच कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस भरतात, पोट बिघडू नये म्हणून. जिवाणूंची ही वैरीण, आणि सोबत धाडलेली पाठराखीण मात्र जिवाणूच.