एक उंच, एक ठेंगणा

परवा जालना रोडवर टायर बदलायला गेलो. दुकानदार म्हणाला, "साइज जरा वेगळी आहे, पण एकच बदला, बसतो." आणि मला एकदम औट्रम घाट आठवला.

ताई, तू वाचत असशीलच. २००४ चा पावसाळा. बाबांच्या मारुती ८०० चा पुढचा उजवा टायर गेला होता. कुणीतरी अल्टोचा जुना टायर दिला. रिंग दोन्हींची बारा इंची, बसला की! स्वस्तात काम झालं म्हणून बाबा खूश. चाळीसगावला लग्नाला निघालो, तर कन्नडपर्यंत गाडी सारखी डावीकडे ओढत होती. बाबा म्हणाले, "रस्ताच तिरका आहे." (रस्त्यांना त्यांनी जन्मभर बोल लावला.) घाटात ओल्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी सरळ कडेच्या चिखलात. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. आई रडत होती.

घरी आल्यावर बाबांनी सुतळीने दोन्ही टायर मोजले. ८०० चा १४५/७०, अल्टोचा १४५/८०. दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. रुंदी तीच, पण घेरात जवळजवळ नऊ सेंटीमीटरचा फरक! एक चाक उंच, एक ठेंगणं, म्हणून गाडी ठेंगण्याकडे ओढत होती. इथे वाळूजला गुडइयरचा कारखाना, आणि आम्हाला टायरवरचे आकडे वाचता येत नव्हते.

ती सुतळी बाबांनी गाठ मारून गाडीत ठेवली होती. पुढे गाडी विकली तेव्हा रेडिओ विसरले, सुतळी मात्र काढून घेतली.

परवा मी जोडीच घेतली. एकाच साइजची.